उस्तिन्किनोची शेवटची नोंद

"सेलो नाही, देरेव्हन्या," सेराफिमा म्हणाली. "खोडा ते आणि नीट लिहा."

इनेसा आर्काद्येव्हनाने जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या फॉर्मवरून मान वर केली. जिल्ह्याच्या कचेरीतली ही चाळिशीची बाई सकाळपासून स्वतःच जीप हाकत होती आणि आता तिला घरी जायची घाई झाली होती.

"आता काय फरक पडतो, सेराफिमा लुकिनिच्ना? गावच उरलं नाही."

"पडतो फरक. चर्च असेल तर सेलो. उस्तिन्किनोत चर्च कधीच नव्हतं. सणासुदीला लोक नऊ किलोमीटर चालत त्रोइत्स्कोयेला जायचे. माणूस मेलं म्हणून त्याचं नाव वाट्टेल ते लिहायचं का?"

"बरोबर बोलतेय ती," जीपच्या मागच्या सीटवरून दोम्ना म्हातारी म्हणाली. तिने दार उघडं ठेवून पाय बाहेर सोडले होते. "सेलोवाल्यांनी जन्मभर हिणवलं आम्हाला. आता मेल्यावर बढती कशाला देताय?"

इनेसाला हसू आलं. तिने 'सेलो' खोडलं, वर बारीक अक्षरात 'देरेव्हन्या' लिहिलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवून ती फोटो काढायला निघाली.

तीन बायकांची ही समिती होती. एक जिल्ह्याची अधिकारी, एक ग्रामकचेरीची कारकून, आणि एक त्या गावची जुनी रहिवासी, साक्षीला. गावात कोणी राहत नाही, राहण्याजोगं एकही घर नाही, असं तिघींनी सह्या करून लिहून द्यायचं. मग तो कागद प्रांताच्या सभागृहात जाणार, तिथे हात वर होणार आणि सरकारी यादीतून गावाचं नाव निघणार. सकाळी त्यांनी नदीपलीकडच्या कुलिगीचा कागद केला होता. दुपारी उस्तिन्किनोचा.

सेराफिमा एकसष्ट वर्षांची होती. निवृत्तीचं वय उलटून सहा वर्षं झाली तरी कचेरीने तिला सोडलं नव्हतं, कारण कुठल्या घरात कोण जन्मलं आणि कोण कुठे गेलं हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचा स्वतःचा जन्म इथला, उस्तिन्किनोतला. नदीकाठाने एकच रस्ता, रस्त्याच्या एका अंगाला सोळा घरं, दुसऱ्या अंगाला न्हाणीघरं आणि बटाट्याचे वाफे. कोणे एके काळी उस्तिन नावाचा कुणी माणूस कुऱ्हाड घेऊन आला, जंगल तोडून बसला, म्हणून हे नाव. त्याच्याविषयी दुसरं काही कोणाला माहीत नव्हतं.

विसाव्या वर्षी ती लग्न होऊन त्रोइत्स्कोयेत गेली. सासू ग्लाफिरा तिखट जिभेची. पहिल्याच रविवारी शेजारणींसमोर म्हणाली, "आमच्या लेकानं देरेव्हन्यातली बायको केली. तिकडं घंटा नाही की घुमट नाही. कोंबडा आरवला की देवाचं नाव घेतात." सेराफिमा मान खाली घालून कोबी चिरत राहिली. पण तिने मनाशी एक गाठ मारली. शिकायचं, टाइप करायला शिकायचं, कचेरीत बसायचं. तेविसाव्या वर्षी ती ग्रामपरिषदेची कारकून झाली, आणि ग्लाफिराच शेजारणींना सांगू लागली, "आमची सून कचेरीत कागद बघते."

मग पंचाहत्तर साल आलं. एप्रिलमध्ये परिषदेचे अध्यक्ष पान्तेलेय रोमानोविच एक परिपत्रक घेऊन तिच्या टेबलाशी आले. जाडजूड, सज्जन माणूस. कुणाला दुखवायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. ते बराच वेळ खोकले.

"सेराफिमा, गावांची यादी मागितलीय. भवितव्य असलेली आणि भवितव्य नसलेली, अशा दोन रांगा करायच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या रांगेतल्यांना रस्ता, दुकान, शाळा. दुसऱ्या रांगेतल्यांना काही नाही. तिथल्या लोकांनी आपापलं हळूहळू मोठ्या गावात यायचं."

"आणि नाही आले तर?"

अध्यक्ष पुन्हा खोकले. "पाच गावं द्यायचीत. चार ठरली. पाचवं कुलिगी नाहीतर उस्तिन्किनो. दोन्हीकडं सारखीच घरं, सारखीच माणसं. तुलाच ठाऊक तिकडचं. तू लिही, मी सही करतो."

ते निघून गेले. सेराफिमा टाइपरायटरपुढे बसून राहिली. कुलिगी लिहावं, तर लोक म्हणतील, कारकुनाने आपलं माहेर वाचवलं आणि दुसऱ्याचं बुडवलं. हे एक. दुसरं तिने कधी कोणाला सांगितलं नाही. बाप युद्धातल्या जखमांनी लवकर गेला होता, आई पेलागेया एकटी होती, त्रेपन्न वर्षांची. तिला तीन वर्षं सेराफिमा बोलवत होती. आमच्याकडे ये, दवाखाना जवळ आहे, मागच्या खोलीत ऊब आहे. आई दर वेळी म्हणे, "पुढल्या वर्षी बघू." गावातलं दुकान बंद झालं, शाळा बंद झाली, तर आई येईल. यावंच लागेल.

तिने उस्तिन्किनो टाइप केलं. नऊ अक्षरांचं नाव रशियन लिपीत. अर्धं मिनिटही लागलं नाही.

दुकान त्याच उन्हाळ्यात बंद झालं. शाळा पुढल्या वर्षी. बसगाडी वळणावरूनच माघारी फिरू लागली. हिवाळ्यात बर्फ काढणारा ट्रॅक्टर यायचा थांबला. एकेक घर रिकामं होऊ लागलं; कुणी खिडक्यांवर फळ्या ठोकून जाई, कुणी घराचे ओंडके सुटे करून त्रोइत्स्कोयेत नेऊन पुन्हा उभारी. सहा वर्षांत सोळाची तीन घरं राहिली. सेराफिमा रविवारी पाव, साखर, काडेपेट्या घेऊन चालत जायची.

"आता तरी चल ना, आई. आता इथं आहे काय?"

"गाय आहे, सीमा," आई म्हणायची; माहेरी सेराफिमा सगळ्यांची सीमाच होती.

"गाय तिकडं नेऊ."

"ती तुझ्या सासूला शिंग मारेल. मग तुला बोलणी बसतील."

"आई, चेष्टा पुरे."

"चेष्टा कोण करतंय? चहा घे. वरून हुकूम आलाय, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार?"

वरून हुकूम आलाय. आई हे वाक्य प्रत्येक रविवारी म्हणायची, शेजारीपाजारी ऐकत असले तर जरा मोठ्यानेच म्हणायची.  एखाद्या रविवारी सांगून टाकावं असं सेराफिमा वाटभर ठरवत यायची, आणि आईच्या अंगणात पाय ठेवला की धीर सुटायचा.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तीन दिवस सलग बर्फ पडलं. चौथ्या दिवशी सकाळी दोम्ना पायांना लाकडी फळ्या बांधून नऊ किलोमीटर तुडवत कचेरीत आली. तिच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं.

"पेलागेयाला श्वास लागलाय. परवापासून. डॉक्टर पाहिजे."

सेराफिमाने ट्रॅक्टर मागितला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने रस्त्यांची यादी दाखवली. उस्तिन्किनोचा रस्ता तीत नव्हता. तिला ते दाखवायची गरजही नव्हती, यादी तिनेच टाइप केलेली होती. शेवटी घोड्याची घसरगाडी मिळाली, डॉक्टरीणबाईला घोंगड्यांत गुंडाळून बसवलं. पोचेपर्यंत दुपार झाली. घरातली शेगडी विझली होती. गाय हंबरत होती.

उस्तिन्किनोला दफनभूमी नव्हती. आईला त्याच घसरगाडीवरून त्रोइत्स्कोयेला आणलं. ग्लाफिरा फाटकात उभी होती, डोक्यावर काळा रुमाल. शवपेटी समोरून जाताना ती वाकली, जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "या विहीणबाई. फार वाट बघायला लावलीत." त्यानंतर तिने सुनेच्या माहेराचा उणा शब्द कधी काढला नाही. सेराफिमाला ती माया टोमण्यांपेक्षा जड गेली.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. आई गेली तेव्हा जितक्या वर्षांची होती, तितक्याच वर्षांची आज सेराफिमा होती.

इनेसा पार रस्त्याच्या टोकाला गेली होती, गवतात तिचं लाल जॅकेट तेवढं दिसत होतं. दोम्ना जीपमधून उतरली आणि काठी टेकत सेराफिमाजवळ येऊन उभी राहिली. म्हातारी एकोणऐंशी वर्षांची. गेल्या वसंतापर्यंत ती इथेच राहत होती, अगदी एकटी. छप्पर बसलं तेव्हा मुलाने उचलून नेली.

"सकाळी कुलिगी बघितलंस ना?" दोम्ना म्हणाली. "त्यांना रस्ता मिळाला, दुकान मिळालं. त्याच रस्त्यानं पोरं शहरात गेली. आमच्याहून आधी संपलं ते गाव."

"हो."

"गप्प का तू सकाळपासून?"

सेराफिमाने जीपकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली, "दोम्ना मावशी, ती यादी मी केली होती. पंचाहत्तरची. कुलिगी की उस्तिन्किनो, ते अध्यक्षांनी माझ्यावर सोडलं होतं. वरून काही हुकूम नव्हता. मी लिहिलं."

 काठीच्या टोकाने दोम्नाने गवत बाजूला सारलं.

"ऐकलंस का मावशी?"

"कान शाबूत आहेत माझे. मला ठाऊक आहे ते."

"काय ठाऊक आहे?"

"तू लिहिलंस ते. त्या जून महिन्यात पान्तेलेय रोमानोविच आला होता, गवत कापणीच्या वेळी. थोडी घेतलेली होती त्यानं. तुझ्या आईच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, 'पेलागेया, तुझी पोर सोन्यासारखी प्रामाणिक आहे हो. स्वतःचं गाव लिहिलं, दुसऱ्याचं नाही.' मी तिथंच होते, दूध गाळत."

 सेराफिमाने जीपच्या दाराला धरलं.

"आई काय म्हणाली?"

"त्याला काही नाही म्हणाली. वाटीभर ताक दिलं आणि वाटेला लावलं. मग मला म्हणाली, 'दोम्ना, हे गावात कुणाला कळलं, तर लोक माझ्या सीमाकडं बोट दाखवतील. तुझ्या पोरांची शपथ घे.' मी घेतली. दुसऱ्या दिवसापासून बाई ज्याला त्याला सांगत सुटली, हुकूम मॉस्कोहून आलाय म्हणून. रस्त्याच्या टोकाच्या घरातल्या आंधळ्या तेरेंतीलासुद्धा सांगून आली."

"आठ वर्षं... मला एकदा तरी बोलायचं."

"काय बोलणार होती? तू पावाच्या पिशव्या घेऊन यायचीस, तुझं तोंड बघायची ती. म्हणायची, 'पोरीनं मला जवळ न्यायला लिहिलं असणार. बोलावून आले नाही, म्हणून.'"

"मग आली का नाही?"

दोम्नाने खांदे उडवले. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, 'जावंसं वाटतं गं. पण सकाळी उठते, दार उघडते, समोर नदी असते. मग राहून जातं.' बस. तुझ्यावरचा राग नव्हता तो, सीमा. राग असता, तर मला कळला असता. भिंतीला भिंत होती आमची."

सेराफिमा रडली नाही. चौतीस वर्षं जे पोटात धरलं होतं ते आईने आधीच उचलून घेतलं होतं, आणि ते घेऊनच ती गेली होती. आता आभार मानायला माणूस नव्हतं, आणि माफी मागायलाही.

इनेसा परत आली. तिच्या पँटला गोखरू चिकटले होते. "झालं. एक फोटो विहिरीचा घेतला. सह्या करून टाकू या का?"

दोम्नाने चष्मा लावून हळूहळू आपलं पूर्ण नाव लिहिलं. सेराफिमाने सही करण्याआधी कागद सगळा वाचला. गावाचं नाव, प्रकार, शेवटच्या रहिवाशाचं नाव. सगळं बरोबर होतं. तिने सही केली आणि तारीख घातली.

"निघायचं?" इनेसाने विचारलं.

"दहा मिनिटं द्या," सेराफिमा म्हणाली.

आईचं घर रस्त्याच्या मधोमध होतं. आता तिथे शेगडीच्या विटांचा ढीग, दोन सडके ओंडके आणि छातीभर उंच जांभळं रानफूल, एवढंच होतं. कुंपण कधीच मोडून कुजून गेलं होतं; जीपपासून सरळ चालत गेलं तर वीस पावलांत माणूस विटांपाशी पोचलं असतं. सेराफिमा सरळ गेली नाही. ती रस्त्याने पुढे गेली, जिथे फाटक असायचं तिथे वळली, आणि पायवाट असायची तिथून, दोन्ही बाजूंना वाफे असल्यासारखी मधून चालत आली. जिथे उंबरा होता तिथे ती थांबली. बुटांना चिखल लागला होता. तिने आधी एक बूट गवतावर घासला, मग दुसरा.

मग डोकं जरासं वाकवून ती आत गेली.