गाठ दिसतेय का?

जुन्या कापड गिरणीचं प्रकाशकलेचं संग्रहालय झालं होतं, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी लेक दाराशी उभी होती. विणकामाच्या दालनात तिचं काम मांडलं होतं. जिथे माग होते तिथे आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्रकाशाचे लाल धागे ताणलेले, हलका धूर सोडून दिसते केलेले. पाहुण्यांची तिला फिकीर नव्हती. धास्ती होती ती आईची. आईने याच दालनात उभा जन्म माग चालवला होता, आणि "आमच्या गिरणीत म्हणे दिव्यांचा खेळ!" म्हणत वर्षभर नाक मुरडलं होतं. आज आली होती तीही नुसतं तोंड दाखवायला.

दार उघडलं. धागे उजळले आणि लोक "अहाहा!" करत जागीच थबकले. लेक मात्र आईचा चेहरा वाचत होती. तिथे काही म्हणजे काही उमटेना.

तेवढ्यात मधलाच एक धागा विझला. लेक पुढे सरसावली. ती काही बोलणार, तोच आई पाहुण्यांना अडवायला बांधलेली दोरी उचलून आत शिरली आणि मूठ वर करून ओरडली, "माग थांबवा!"

एकेकाळी मागांच्या खडखडाटावर मात करणारा तो आवाज ऐकून बटणांपाशी बसलेला वायरमन इतका दचकला की त्याने सगळंच बंद केलं. दालनात काळोख पसरला.

"धागा तुटलेला दिसतो तरी चालूच ठेवलंय! थांबा, गाठ मारते," आई अंधारात करवादली. मग चाचपडण्याचा आवाज.

"अगं बाई! धागा कुठला इथे? उजेड ना हा?"

सगळे खो खो हसले. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार, हे लेकीने ओळखलं. पण आईचे हात याला धागा समजून बसले होते! लेकीला आनंदाने नाचावंसं वाटलं.

"मार ना गाठ, आई!"

"चेष्टा करतेस होय गं?"

"नाही गं, खरंच मार."

अंधारात आईच्या बांगड्या किणकिणल्या. मग तोच खणखणीत आवाज आला. "चालू करा!"

सगळे धागे पुन्हा उजळले, विझलेलासुद्धा. तो थेट आईच्या चिमटीवर येऊन थांबला होता आणि तिची बोटं लालबुंद झाली होती. आईने हळूच चिमूट सोडली. धागा सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडला. ती वाकून, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली.

"गाठ दिसतेय का गं?" तिने विचारलं.

लेकीचे डोळे भरून आले. "कुठेच नाही, आई."

"मग चांगलं विणलंयस."