पुड्यांवरच्या तारखा

डॉक्टरीणबाईंनी काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, “काका, या टिकल्यांभोवती कुठे मोकळी जागा दिसते का?”

काका डोळे बारीक करून बघत राहिले. बशीभर पिवळसर साय धरावी तसे जंतू माजले होते. हे टिल्लू पोपटाच्या घशातले जंतू. त्यांच्यात सहा औषधांच्या सहा टिकल्या ठेवलेल्या. जे औषध जंतूंना मारतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ कडं पडतं, हे बाईंनी आधीच समजावलं होतं. पाच टिकल्यांना जंतू खेटून वाढले होते. सहावीभोवती कडं होतं, पण नावापुरतं.

“यात आमची कॅप्सूल कुठली?”

बाईंनी पहिल्याच टिकलीवर बोट ठेवलं. तिला जंतू सगळ्यात खेटून होते.

बत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस हा. शिक्षण जेमतेम, पण डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावावं तर यांनीच. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि खोटं कशाला बोला, काकांना ते आवडायचंही. कुणी ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की भर दुकानात त्याची बिनपाण्याने हजामत व्हायची. मग घरच्या पोपटाच्या वेळी हीच अक्कल कुठे चरायला गेली होती?

टिल्लू तसा मोठ्या बहिणीचा, ताईंचा. मुठीत मावेल एवढा निळा पोपट. कंबर मोडून ताईंनी अंथरूण धरलं त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तो त्यांच्या उशाशी, खांद्यावर, चष्म्याच्या काडीवर. काका कामावरून आले की तो ओरडायचा, “डॉक्टर आले, डॉक्टर आले!” हे अर्थात ताईंनीच शिकवलेलं. भावाची चेष्टाही व्हायची आणि कौतुकही.

टिल्लू शिंकला, की काका एक कॅप्सूल उघडायचे. माणसाचा डोस, पाखरू चिमूटभर. मग ब्लेडच्या कडेने पावडरीचे भाग पाडायचे आणि त्यातला एक भाग पाण्याच्या वाटीत. तिसऱ्या दिवशी टिल्लू बोलायला लागला की औषध बंद. एवढ्याशा जिवाला कसला आलाय कोर्स? उरलेली पावडर कागदात बांधायची, वर सुवाच्य अक्षरात तारीख घालायची आणि पुडी डब्यात ठेवायची. गल्लीत कुणाचं पाखरू शिंकलं तर त्यातलीच थोडी बांधून द्यायची. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा, चार दिवसांपूर्वी, थोडं ऐटीतच सांगितलं होतं. आज सांगताना ती ऐट उरली नव्हती. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, कडू पाणी पाखरू पीतच नाही, म्हणजे औषध पोटात जायचं ते थेंबभर. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, सरावतात. आणि पहिल्या काही वेळी तर औषधाची गरजही नसेल, दाण्याच्या धुळीनेसुद्धा पक्षी शिंकतात. आधी तपासायला हवं होतं.

आता सहावं औषध, रोज सुई, पंधरा दिवस. काकांनी एकही दिवस चुकवला नाही. पिंजऱ्यावर कापड टाकून, छातीशी धरून ते दवाखान्यात न्यायचे. चौथ्या दिवशी दुपारी टिल्लू ताईंच्या तळहातावर आडवा झाला तो उठलाच नाही.

ताई रडल्या आणि मग उलट काकांचीच समजूत घालू लागल्या. “तू होतास म्हणून सात वर्षं जगला रे तो. दर वेळी तूच वाचवलंस.”

काकांना ते सोसवेना. गप्प बसले असते तर कुणाला काय कळणार होतं?

“नाही ताई,” ते म्हणाले. “दर वेळी मीच थोडा थोडा मारला त्याला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बशी, टिकल्या, थेंबभर औषध. ताईंनी पुड्यांचा डबा मागितला. काकांनी तो पांघरुणावर आणून ठेवला. त्यात नऊ पुड्या निघाल्या. ताईंनी चष्मा लावला आणि एकेक तारीख मोठ्याने वाचायला घेतली.

“या दिवशी तो पुन्हा शीळ घालायला लागला होता. मी शेजारणीला हाक मारून ऐकवली.” दुसरी पुडी. “या दिवशी तुला ओरडून डॉक्टर म्हणाला. आपण दोघं किती हसलो.”

प्रत्येक तारीख त्यांच्या लक्षात होती. त्यांचे आनंदाचे दिवस नेमके भावाने औषध बंद केल्याचे निघाले. नवव्या पुडीनंतर त्यांनी डबा बंद करून काकांच्या हातात दिला. बाईंच्या दवाखान्यात देऊन ये म्हणाल्या, आणि वाटेत कुणाच्या पाखराला देऊ नकोस, असंही.

गल्लीतल्या तीन घरांत काकांच्या हातच्या पुड्या आधीच गेलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी ती तीन घरं गाठली. दारात उभं राहून, माझं चुकलं, पुड्या परत द्या, एवढंच म्हणाले. एका घरात लोक हसले, डॉक्टर आज असं काय करताय म्हणून. काका हसले नाहीत. सगळ्या पुड्या दवाखान्यात पोचवून ते घरी आले, दारात चपला काढल्या आणि सवयीने क्षणभर थांबले.

आतून काही ऐकू आलं नाही. मग ताईंचा आवाज आला.

“बाळ, आलास का? हातपाय धुऊन घे. जेवायला बसू.”

आई गेल्यापासून त्यांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती. एकसष्ट वर्षांचे काका तसेच उंबऱ्यात उभे राहिले, आणि मग “आलो” म्हणून हात धुवायला गेले.