समाधानी ग्राहक

पाटबंधारे खात्यात मी तेहतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. शासनाचं कसलंही परिपत्रक द्या, तिसऱ्या वाचनात त्यातली मेख मी काढून दाखवायचो. त्यामुळे गुडघ्याचं यंत्र विकणाऱ्या एका कंपनीचं अर्ध्या पानाचं हमीपत्र मला दोन महिन्यांत उमगू नये, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला. नाही, हे खोटं झालं. राग पैशांचाच होता.

प्रेमिलाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेले होते. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डिसेंबरची तारीख दिली होती आणि त्यासाठी एक लाख दहा हजार आम्ही बाजूला काढून ठेवले होते. पण सुरीचं नाव काढलं की हिची पाचावर धारण बसायची. तशात पेपरात जाहिरात आली. 'चालसुख' नावाचं यंत्र, पट्ट्यासारखं गुडघ्याला बांधायचं. पितृपक्षाची खास सूट, पंचेचाळीस हजारांचं अडतीस हजारांत. खाली ठळक अक्षरांत : तीस दिवस वापरा, फरक नाही पडला तर पूर्ण पैसे परत.

"जाते काय आपलं?" प्रेमिला म्हणाली. "नाही जमलं तं पैसे वापस. ऑपरेशन कुठं पळून चाललं?"

मलाही पटलं. ऑपरेशनच्या पैशांतून अडतीस हजार काढले. पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये म्हणतात, पण सात हजार सुटत असतील तर पितर थोडी डोळेझाक करत असावेत. पितृपक्ष संपेपर्यंत वापरायची मात्र नाही, यावर प्रेमिला ठाम. बिल झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळमेश्वरच्या गोदामातून खोकं घरी आलं आणि बारा दिवस देव्हाऱ्याशेजारी तसंच बंद राहिलं. घटस्थापनेला तिने यंत्रावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि रोज वीस मिनिटं पट्टा बांधायला सुरुवात केली. यंत्र गुणगुणायचं, कोमट व्हायचं. गुडघा होता तसाच होता.

वापराचा तिसावा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा आला. त्या दिवशी कोण पैसे मागायला जातं? भाऊबीज होऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी खोकं स्कूटरला बांधून रामदासपेठेतल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघेदुखीची माणसं इथे पैसे परत मागायला कशी चढत असतील, हा विचार मला जिन्यातच आला होता. तिथूनच मी परत फिरायला हवं होतं.

काउंटरवर पियूष नावाचा तिशीतला माणूस होता. फार गोड बोलायचा. त्याने बिल पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमची हमी तं संपली. आज सत्तेचाळिसावा दिवस आहे."

"वापरायले घेतलं घटस्थापनेले. तिथून तीस धरा ना."

"हमी बिलाच्या तारखेपासून राहते. तुम्ही तिसाव्या दिवशी यायले पायजे होतं."

"तवा वापराचे सोळाच दिवस झाले होते."

"मंग तवाही नसते भेटले पैसे. यंत्रात मीटर आहे. वापराचे तीस दिवस पुरे दिसले पायजेत."

"म्हणजे तवा वापर कमी पडत होता, आता दिवस जास्त झाले."

"हौ काका. बरोबर समजले तुम्ही."

मी बरोबर समजलो होतो, आणि तरी मला काही समजलं नव्हतं.

घरी येऊन कॅलेंडर काढलं. समजा, आम्ही पितृपक्ष पाळला नसता. आज बिल, तिसऱ्या दिवशी यंत्र घरी, त्याच दिवशी गुडघ्याला बांधलं. तरी बिलाच्या तिसाव्या दिवशी मीटर अठ्ठावीस दाखवणार. मी तीनदा बोटांवर मोजलं. प्रेमिलाने कॅलेंडरच्या चौकोनांवर ज्वारीचे दाणे ठेवून मोजलं. अठ्ठावीसच. मग ही हमी नेमकी कोणासाठी होती? असा माणूस जन्माला यायचा होता.

कॅलेंडर घेऊन मी पुन्हा तो जिना चढलो. पियूषने मन लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे आजपर्यंत कोणीच दाखवलं नाही." मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्याने यंत्र उलटसुलट केलं. "पण काका, हा लाल रंग काहून आहे? वस्तू मूळ स्थितीत पायजे."

"कुंकू आहे ते. पूजा केली."

"तेच. मूळ स्थितीत नाही राहिलं."

तिसऱ्या खेपेला त्याने मुंबईचा नंबर दिला. मुंबईवाली बाई म्हणाली, नागपूरच्या ऑफिसात जा. चौथ्या खेपेला मला स्वतःचीच शंका यायला लागली. हमीपत्र घेऊन बसलो की प्रत्येक वाक्य सरळ वाटायचं आणि सगळी मिळून काहीच सांगायची नाहीत.

इकडे ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. पैसे आधी भरा, नाहीतर पुढची तारीख एप्रिलमध्ये, असं दवाखान्याने स्पष्ट सांगितलं होतं. प्रेमिलाला आता न्हाणीघराची पायरीही धरून चढावी लागत होती. सुरीची भीती कधीच गेली होती, आता तिला एप्रिलची भीती वाटत होती.

पाचव्या खेपेला मी तिलाही रिक्षातून नेलं. वाटलं, तिला जिना चढताना बघून तरी पियूषला लाज वाटेल. पियूषने धावत जाऊन खुर्ची आणली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "परतावा सिस्टम घेऊन नाही राहिलं. पण खर्चाचं दुसरं एक हेड आहे. समाधानी ग्राहक सन्मान. त्यातून अडतीस हजार निघतात. काकूंनी फक्त एक लहानसा व्हिडिओ द्यायचा."

"कायचा व्हिडिओ?"

"फरक पडला म्हणून."

हेड बदलणं मला नवीन नव्हतं. कालव्याच्या पैशांतून साहेबांच्या केबिनचे पडदे मीच बसवले होते, कागदावर. तरी मला हे कळेना. यंत्राने काम केलं नाही म्हणून आम्ही पैसे मागत होतो, आणि यंत्राने काम केलं असं म्हटलं तर ते मिळणार होते. पैसे तेवढेच, यंत्रही आमच्याकडेच राहणार. मग फायदा त्यांचा होता की आमचा? मी प्रेमिलाकडे पाहिलं.

"अजी, तुम्ही खाली जा, चहा प्या," ती म्हणाली.

मी गेलो. ती खोटं बोलणार ते मला ऐकायचं नव्हतं, पैसे मात्र हवे होते. अर्ध्या तासाने ती कठडा धरून, एकेक पायरी मोजत खाली आली. "झालं. काठीबिगर दहा पावलं चालवलं मले," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रेमिला घरात काठीशिवाय फिरायला लागली होती. एक दिवस दारात पस्तिशीची एक बाई आली. नाव श्वेता, जरीपटक्याहून आली होती. व्हिडिओखाली आमचं नाव आणि मानेवाडा एवढंच लिहिलं होतं, तेवढ्यावर विचारत विचारत पोचली होती. सासूसाठी तिने संक्रांतीच्या सवलतीत 'चालसुख' घेतलं होतं.

प्रेमिला स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली. श्वेताने तिची चाल दारापासून खुर्चीपर्यंत पाहिली. तिचा चेहरा उजळला.

"मावशी, किती छान चालून राह्यल्या तुम्ही. माह्या सासूले काहीच फरक नाही. मी तिसाव्या दिवशी वापस करायले निघाली होती. पण तुमचा व्हिडिओ पाह्यला."

"काय म्हणते त्याच्यात ही?" मी विचारलं.

तिला वाटलं मी थट्टा करतोय. "महिनाभर काहीच वाटलं नाही, मी वापस करणार होती, पण धीर धरला आणि पस्तिसाव्या दिवशी उठून चालायले लागली, असं. म्हणून आम्हीही धीर धरला. आज एक्केचाळिसावा आहे. अजून किती दिवस लागतील, तेच विचारायले आली."

प्रेमिला खाली मान घालून म्हणाली, "तसं म्हणायले लावलं त्याईनं."

हमीपत्र मला त्या क्षणी कळलं. लोकांचे तीस दिवस कसेही उलटायला हवे होते, आणि ते काम अडतीस हजारांत आम्ही केलं होतं. फार उशिरा कळलं आणि मला फार लाज वाटली.

प्रेमिलाने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि टाक्यांचा लांब व्रण दाखवला. श्वेताने वाकून तो पाहिला. मग तिने आमच्या दोघांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला नीट ओळखीचा होता.

"मंग आता आम्ही पैसे कोणाले मागायचे?" तिने विचारलं.

"आमाले माग," प्रेमिला म्हणाली.

घरात तेव्हा साडेतीन हजार रुपये होते, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.