रिकाम्या पेटीतली गुणगुण

मी पवनानगरच्या कस्तुराबाईंची मधपेटी बोलतेय. खरं तर बोलायचाही कंटाळा आलाय. पण ज्यांचा आवाज ऐकायचा, त्या माश्याच उरल्या नाहीत, म्हणून लाकडाला तोंड उघडावं लागतंय.

निवृत्ती सुतारांनी मला घडवलं आणि परसातल्या दगडावर बसवलं. सातेरी जातीच्या मधमाश्या माझ्यात नांदायला आल्या. कस्तुराबाई रोज सकाळी मला कान लावायच्या. आतली गुणगुण ऐकली की मगच त्यांचा चहा चुलीवर चढायचा. दुसऱ्याच्या घराला कान लावायची माणसांना भारीच हौस!

तेव्हा कुणी फवारणी करणार असलं, की आदल्या दिवशी बांधावरून हाक यायची, "मावशे, उद्या फवारा हाय गं!" संध्याकाळी माश्या परतल्या की बाई माझ्या दाराला जाळी लावायच्या. पुढे शेजारी गुलाबाची शेड उभी राहिली. तिथं फवारणी सारखीच, पण तिथल्या माणसांना कुणाला हाक मारायची हेच ठाऊक नव्हतं. टेकडीवर प्लॉट पडले, जांभळाची झाडं तुटली. सकाळी गेलेल्या माश्या संध्याकाळी कमीच परतू लागल्या.

त्यात बाईंच्या मुलाने, स्वराजने, परसात पर्यटकांसाठी तंबू टाकले. जागा हवी म्हणून ऐन दुपारी मला उचलून गोठ्यामागे नेलं. अरे बाबा, माश्या बाहेर चरायला गेलेल्या!

"जरा तर सरकवलीय, आई," तो म्हणाला.

माश्यांना पेटीपेक्षा जागेची ओळख पक्की. अंधार पडेपर्यंत त्या रिकाम्या दगडावर घोंगावत होत्या. माझ्यात उरल्या मूठभर. मग मेणकिड्यांनी पोळी पोखरली आणि एके दिवशी राणीसकट उरलेल्याही उडून गेल्या.

स्वराज म्हणतो, फवारणीनं गेल्या. शेडवाले म्हणतात, हवाच बिघडलीय. कस्तुराबाई म्हणतात, "समद्यांनी मिळून घालवल्या."

आता भोपळा धरावा म्हणून बाई स्वतःच नरफूल खुडून मादीफुलांना लावत वेलांतून हिंडतात. माशीचं काम वाकलेल्या कंबरेनं करायचं! बघवत नाही मला. तरी जाता-येता मला कान लावतातच.

परवा सकाळी कान लावला आणि त्या ओरडल्या, "स्वराज, धाव रं! आल्या! आत गुनगुनत्यात!"

स्वराज धावत आला. त्याने माझ्यावर हात ठेवला. मी खरंच थरथरत होते. गोठ्याच्या भिंतीला लागून कॅम्पचा जनरेटर चालू होता, तो त्याने जाऊन बंद केला. माझी थरथर थांबली. बाईंचा कान अजून माझ्यावरच होता.

"गप का झाल्या रं?"

"आई, नव्हत्याच गं त्या."

बाई तिथंच खाली बसल्या. त्या दिवशी चहा झालाच नाही.

संध्याकाळी स्वराजने एक तंबू उतरवला आणि मला परत दगडावर नेऊन ठेवलं. दार उघडं आहे. एखादं मोहोळ वाट चुकून आलं तर येवो. तुम्ही आसपास फवारणार असाल, तर आदल्या दिवशी एक हाक मारा, एवढंच मागणं. बाई उद्या पुन्हा कान लावतील, आणि मला पुन्हा खोटं गुणगुणायचं नाही.