खतीबांच्या घरातले तीन दिवस

“आणखी तीन दिवस हायत, सईद,” महरुन्निसा जाळीआडून म्हणाली.

जाळीपलीकडे बैठकीच्या खोलीत गावच्या मुस्लिम जमातीचा अध्यक्ष सईद उभा होता. त्याच्यामागे महिपत सुतार, हातात पहार घेऊन. दासगावच्या मशिदीला लागून असलेलं हे घर जमातीचं. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, वाचणाऱ्या खतीबानं राहावं म्हणून शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं. महरुन्निसाचे यजमान, इथले खतीब, डिसेंबरात वारले. नवा खतीब एकटा, मशिदीच्या माडीवर राहणारा. कुवेतला गेलेल्या पोरांच्या पैशानं हे घर पाडून इथं आता लग्नांसाठी स्लॅबचा शादीखाना उठायचा होता. पण विधवेनं चार महिने दहा दिवस नवऱ्याच्या घरात इद्दतीत बसायचं असतं, तेवढे दिवस जमात थांबली होती. नंतर तिनं महाडला लेकीकडे, सुम्बुलकडे जायचं, हे ठरलेलं.

“तीन?” सईद बोटं मोजायला लागला. इद्दत चांदावर मोजतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. चांदानं ती कालच संपली होती. भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरानं मोजली तरच तीन दिवस उरत होते.

आणि असं मोजणारी कोण? गावातल्या झाडून साऱ्या विधवांना इद्दतीचा दिवस काढून देणारी! या अल्ला, ह्या वयात मी खोटं बोलायला लागले, तिच्या मनात आलं.

सईदनं मोजणं मध्येच सोडून दिलं. मग म्हणाला, “चल रे महिपत. सोमवारी बघू.”

महिपत मात्र रेंगाळला. वीस वर्षं दर वैशाखात घर शाकारायला तोच यायचा. “चाची, ह्या जाळीला एक खिळा नाय बघा. नुसत्या खाचा. हात लावायला जीव होत नाय.”

“माझा तरी कुठं होतो, बाबा!”

ते घरच तसं बांधलेलं. पुढं पुरुषांची बैठक, मागं बायकांचं माजघर, आणि मधल्या जांभ्याच्या भिंतीत ही सागवानी जाळी. आवाज जायचा, चेहरा जायचा नाही. बाया माजघरात येऊन आपली दुखणी, धर्माच्या शंका सांगायच्या. महरुन्निसा जाळीला तोंड लावून म्हणायची, “अवो, एक बाय विचारते.” पलीकडून आधी खतीबांचा खाकरल्याचा आवाज, मग उत्तर. चाळीस वर्षं त्यांचा अर्धा संसार ह्या जाळीतूनच झाला. कुणाचं नाव तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

तीन दिवस तिनं ना भांडी बांधली, ना कपडे. जाळीपाशी चटई टाकून बसून राहिली. रविवारी भर दुपारी तिला राहवेना. तिनं जाळीला तोंड लावलं.

“अवो, एक बाय विचारते. नवऱ्याच्या घरात राहायला मिळावं म्हणून चांदाचा हिशोब मुद्दाम चुकवला, तर गुन्हा केवढा?”

ती थांबली. सवयीनं कान देऊन थांबली. वर कौलं तापून कडकडत होती, बाकी काही नाही. मग मात्र तिचा बांध फुटला. चार महिने आल्यागेल्यांसमोर धरून ठेवलेलं रडू घळाघळा वाहिलं.

सोमवारी सकाळी सईद महिपतला घेऊन आला, तेव्हा तिचं बोचकं तयार होतं.

“सईद, तीन दिवस मी जादा राहिले. खोटं बोलले रे.”

“माझ्या अम्मीची इद्दत तुम्हीच मोजली होती, चाची,” सईद मान खाली घालून म्हणाला. “तुमचा हिशोब कधी चुकत नाय.”

त्यानं पुढचं दार सताड उघडलं. बाहेर सुम्बुलनं पाठवलेली रिक्षा उभी होती. “या, इकडनंच या. आता बैठकीत कोण नाय.”

“त्या दारानं त्यांना नेलं रे,” ती म्हणाली. “माझ्यानं नाय व्हायचं. मला मागचंच बरं.”

मागं रिक्षा येत नव्हती. बोचकं कमरेवर घेऊन ती आख्ख्या मशिदीला वळसा घालून आली. ती रिक्षात बसेपर्यंत छप्पर उतरवायला चढलेला महिपत शिडीवर तसाच उभा होता, कौलाला हात न लावता.