फरशीच्या बादलीतली काळी पूड

मी एक चिमूटभर काळी पूड बोलतेय. जरा लांबूनच ऐका. जवळ येऊन सुस्कारा सोडलात, तर कुणाची तरी सहा वर्षं उडून जातील.

माझा एकेक कण इतका बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. अंगात निकेल, लोखंड आणि अमोनियातून घेतलेला नायट्रोजन. काम एकच: विजेच्या मदतीने पाणी फोडून त्यातून वायू काढायचा. मला घडवलं ते एका संशोधक बाईंनी. प्रयोगशाळेत त्यांना सगळे ताई म्हणतात. सहा वर्षांत चौदा खेपा फसल्या, पंधराव्या खेपेला मी भट्टीतून बाहेर आले, आणि दुसऱ्याच दिवशी भट्टीने मान टाकली. म्हणजे मी एकुलती एक.

ताईंच्या मार्गदर्शक सरांनी त्यांना बजावलं होतं, "शुक्रवारी बुडबुडे दाखवा, नाहीतर विषय बदला."

गुरुवारी ताई मला कागदावर घेऊन वजनकाट्याकडे निघाल्या, तोच फोन वाजला. आईचा. "जेवलीस का गं?" ताई वळल्या, कोपर दाराला लागलं, आणि मी थेट सफाईवाल्या मावशींच्या बादलीत.

ताई बादलीपाशी बसून रडू लागल्या.

"काजळीच होती ना?" मावशी म्हणाल्या. "आमच्या चुलीपाशी ढीगभर पडलीय. आणून देते."

"तसली नाही हो मावशी. ही चुंबकाला चिकटते."

"मग रडताय कशाला?"

मावशींनी सूचनाफलकावरचं चुंबक काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि बादलीत फिरवू लागल्या. सांडलेल्या सुया त्या अशाच गोळा करायच्या. अर्ध्या तासाने मी वर आले; सोबत दोन टाचण्या आणि कुणाच्या तरी कोटाचं बटण. ताईंनी मला दहा पाण्यांनी धुतलं.

शुक्रवारी मी असे बुडबुडे सोडले की सर खुर्चीवरून उठले.

"या वेळी वेगळं काय केलंत?"

ताईंना थाप मारता आली असती. त्यांनी वही पुढे केली: 'नमुना फरशीच्या पाण्यात पडला. चुंबकाने काढला.'

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मावशी, फिनेल कोणतं होतं?"

"लिंबाच्या वासाचं. पण आधी तुमचा सांडलेला चहा पुसला होता."

सरांनी तेही टिपून घेतलं.

भट्टी दुरुस्त झाल्यावर माझ्या बहिणी जन्मल्या. निम्म्यांना बादलीत बुचकळलं, निम्म्यांना कोरडं ठेवलं. सगळ्या सारख्याच निघाल्या. यश ताईंच्या हाताचं होतं. ते सिद्ध करायला मात्र पाच बादल्या फिनेल लागलं.

आता मी तारेच्या जाळीवर बसून बुडबुडे सोडते. रोज वरचा थर थोडा बदलतो, थोडा झडतो. चालायचंच, कामाला आलेल्याची झीज व्हायचीच. ताईंचा प्रबंध छापायला निघालाय. आभारांच्या पानावर सर पहिले आहेत, फोन करणारी आई दुसरी, मावशी अगदी शेवटी. ताई, माझं ऐकाल तर तेवढा क्रम बदला.