फिजिक्सवाल्या बाईंचा टकल्या

मित्रांनो, ज्याला नाक आहे पण सर्दी होत नाही, कान आहेत पण ते कुणी पिळत नाही आणि केसांचा तर जन्मापासून पत्ता नाही, असा कोण? तो मी. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एमआरआयच्या खोलीबाहेर फळीवर बसलेलं एक जुनं प्लॅस्टिकचं डोकं. माझ्यासारख्यांना फँटम म्हणतात. माणसाआधी यंत्रात जायचं आणि यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय ते उघड करायचं, हे आमचं काम. पण फँटम हे नाव इथं कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. सगळे मला टकल्या म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. आहे ते आहे.

मला घडवलं बाईंनी. तेव्हा त्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. घरचे त्यांना विचारून विचारून थकले होते, "तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग रुग्णालयात करतेस तरी काय?" बाई म्हणायच्या, "डॉक्टर ज्या चष्म्यातून माणसाच्या आत बघतात ना, तो चष्मा मी पुसते."

त्यांनी प्लॅस्टिकची दोन अर्धुकं जोडून माझं डोकं केलं. अजूनही माझ्या नाकावरून खाली एक शिवण दिसते. आत पाणी भरलं, त्यात मीठ आणि चिमूटभर मोरचूद घातलं, म्हणजे यंत्राला मी माणसाच्या ओल्या मांसासारखा वाटावा. मग बारीक दोऱ्यांना मऊ गोळ्या टांगल्या: एक वाटाण्याएवढी, एक मुगाएवढी, एक मोहरीएवढी. ते आजाराचे ठिपके. पाण्यात बुडबुडा राहिला तर चित्रात काळं भोक पडतं, म्हणून तान्ह्या बाळाला ढेकर यावा तसं त्या मला किती वेळ थोपटत बसल्या होत्या! एवढे लाड पुढे माझे कुणी केले नाहीत.

शिक्षण झालं आणि बाई याच रुग्णालयात लागल्या. डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना 'फिजिक्सवाल्या बाई' म्हणू लागले. रोज सकाळी पहिला रुग्ण मी. एकदा चित्रात माझं गोल डोकं अंड्यासारखं लांबट आलं. बाईंनी तिथल्या तिथे यंत्र बंद ठेवायला लावलं. बाहेर रांग, आत कुरकुर. पण दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं तर एक भाग खरंच निसटला होता. त्या दिवसापासून टेक्निशियन मला यंत्रात ठेवताना म्हणायचा, "या साहेब, आडवे व्हा."

बाईंचं मन मात्र बाहेरच्या बाकावर अडकलेलं असायचं. तिथे लहान मुलं बसत. एमआरआयचं यंत्र धाडधाड आवाज करतं आणि त्यात बराच वेळ पुतळ्यासारखं पडून राहावं लागतं. लहान मुलाला ते कसं जमणार? म्हणून त्यांना भूल द्यावी लागायची. बाईंनी ठरवलं, हललेल्या मुलाचंही चित्र स्वच्छ यायला हवं. तुकड्यातुकड्यानं झटपट चित्र घ्यायचं आणि हललेले तुकडे संगणकानं जागच्या जागी बसवायचे, अशी ती युक्ती होती.

आता चाचणीसाठी चुळबुळ करणारं मूल हवं, आणि मी तर दगडासारखा निवांत! मग बाईंनी त्यांच्या बाबांना गाठलं. बाबा सुतार होते.

"पाळणा करून द्या, पण लोखंडाचा एकही खिळा नको. आत मोठं चुंबक आहे."

"खिळा नको? मग पाळणा काय तुझ्या भरवशावर उभा राहणार?" बाबा म्हणाले. पण त्यांनी नुसत्या लाकडी खुंट्यांवर असा झोकदार पाळणा केला की त्यात पडायला मलाच लाज वाटली. बाहेरून दोरी ओढली की मी आत डुलायचो. बाई ओढून ओढून दमायच्या आणि मला म्हणायच्या, "हल रे, हल. जरा हट्टी पोरासारखा हल."

काही वर्षांत चित्रं सुधारली. मोठे डॉक्टर, म्हणजे विभागप्रमुख, खूश झाले. पुढच्या आठवड्यापासून मुलांवर वापरू, असं त्यांनी सांगूनही टाकलं. त्याच दिवसांत बाईंची थोरली बहीण आपल्या लेकीला घेऊन आली. पोरीला आकडी येत होती. मेंदूचं चित्र काढणं भाग होतं, आणि पूर्वी एकदा भूल दिली तेव्हा तिचा श्वास अडकला होता.

"तुझी ती नवी पद्धत आहे ना, तिनंच काढ," बहीण म्हणाली. "मला पुन्हा ते बघवणार नाही."

बाईंनी आधी एकदा मला पाळण्यात घातलं आणि नेहमीपेक्षा जोरात हलवलं. पडद्यावर चित्र आलं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. वाटाणा होता. मूग मात्र नव्हता. मोहरीचं तर नावच नको. संगणकाला ते बारके ठिपके हलण्यातून आलेला मळ वाटले होते आणि त्यानं ते पुसून टाकले होते.

मोठे डॉक्टर म्हणाले, "एक मूग दिसला नाही म्हणून सगळं थांबवायचं? किती सुंदर चित्र आहे!"

"सुंदर आहे सर, पण खोटं आहे."

बहिणीला समजावणं त्याहून अवघड गेलं.

"अगं, त्या प्लॅस्टिकच्या टाळक्यावर तुझा विश्वास आहे, आणि माझ्या पोरीचा जीव..." ताई म्हणाली.

"ताई, तिचा जीव आहे म्हणूनच. जुन्या पद्धतीनंच करू. भुलीचे डॉक्टर आधीपासून सावध असतील. मी तिच्या उशाशी बसते."

तसंच झालं. पोर जागी व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ बाई तिच्या पायांवर हात ठेवून बसल्या होत्या. जागी झाल्यावर ती उलटी करून खूप रडली. ताईनं तिला उचललं आणि बहिणीकडे न बघता निघून गेली. पाठोपाठच्या बहिणी, पण त्यानंतर दोघींतून विस्तव जाईना.

चित्रात मेंदूच्या आत खोल एक ठिपका निघाला. केवढा? मुगाएवढा. आकडीचं मूळ तेच होतं. शस्त्रक्रिया झाली. हळूहळू आकडी थांबली, पोर शाळेत जायला लागली.

आणि एक दिवस ताई दारात उभी राहिली.

"दाखव मला. त्या दिवशी तुझं ऐकलं नसतं तर काय झालं असतं ते."

बाईंनी पोरीच्या तपासणीच्या नोंदीत संगणकावर पाळण्यासारखे हेलकावे मिसळून, नव्या पद्धतीनं तिचं चित्र कसं आलं असतं ते आधीच काढून पाहिलं होतं. खरं चित्र आणि हे चित्र त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. एकात ठिपका होता. दुसऱ्यात काहीच नव्हतं, अगदी निरोगी डोकं.

ताईनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं."

"बोललीस खरी. थोरली आहेस, तेवढा हक्क आहे तुझा."

ताईनं पिशवीतून डबा काढला. "जेवलीस का? तोंड बघ किती उतरलंय." दोघी माझ्याच फळीखाली बसून एका डब्यात जेवल्या.

त्यानंतरची वर्षं कठीण गेली. बाईंनी आपली पद्धत कुठे फसते ते सगळ्यांसमोर सांगितलं. काहीजण हसले. मोठे डॉक्टर नाराज झाले आणि काम मागे पडलं. माझ्यावर धूळ बसली. एका नव्या टेक्निशियननं तर मला आपली टोपी अडकवायला ठेवलं होतं. टकल्याला फुकटची टोपी! हसू आलं, पण आतून कसंनुसं झालं. पुढे शिवणीतून पाणी झिरपायला लागलं आणि माझ्या कपाळात बुडबुडा शिरला. बाईंनी मला पुसलं, डिंकानं सांधलं, पाणी बदललं आणि पुन्हा पाळण्यात घातलं. त्यांनी नाद सोडला नव्हता. हिशेब बदल, पुन्हा हलव, पुन्हा बघ. असं करता करता एक दिवस जोरात हलतानाही वाटाणा दिसला, मूग दिसला आणि मोहरीसुद्धा दिसली. मग पुष्कळ मोठ्या माणसांवर तपासून झालं, इतर डॉक्टरांनी पारखून घेतलं, आणि मुलांसाठी दार उघडलं.

ताईची लेक पुन्हा तपासणीला आली तेव्हा आईच्या खांद्याला लागत होती. तिच्याआधी मी आत जाऊन आलो. मग ती गेली, भुलीशिवाय. थोड्याच वेळात बाहेर येऊन तिनं चोरट्या आवाजात विचारलं, "मावशी, मधे मी नाक खाजवलं. चालेल ना?"

"चालेल, बाळा," बाई म्हणाल्या आणि पटकन पडद्याकडे वळल्या. पडद्यावर डोकं निरोगी दिसत होतं. या वेळी ते खरं होतं.

मित्रांनो, आता माझं प्लॅस्टिक पिवळं पडलंय. जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. आमचाही जीव तुमच्यात असतो. पण त्याहून एक मोठी गोष्ट सांगतो. तुमच्या मायेचं माणूस कधी तुम्हाला म्हणालं, "थांब, मला अजून एकदा तपासून पाहू दे," तर त्याच्यावर रुसू नका. त्या घडीला ते तुमच्याइतकंच घाबरलेलं असतं.